पुस्तक आपले, कुलूप कंपनीचे

चोपडा तालुक्यातल्या एका गावी बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत आमचे कार्यकर्ते अभ्यासिका चालवतात. पत्र्याची खोली, दोन लांब टेबले, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि जोतीराव-सावित्रीबाईंचा फोटो, एक लोखंडी कपाट. स्पर्धा परीक्षेची पुस्तके दर वर्षी बदलतात, कागदी संच महाग पडतो, म्हणून तीन वर्षांपूर्वी मुलांनीच सुचवले की एक टॅब्लेट घेऊ आणि त्यावर ई-पुस्तके विकत घेऊ. वर्गणी काढली. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आयाबायांनी पन्नास-शंभर दिले, जळगावला नोकरी करणाऱ्यांनी हजार-दोन हजार दिले. एका बड्या कंपनीच्या दुकानात वस्तीतल्याच एका हुशार मुलाच्या मोबाईल नंबरावर खाते उघडले आणि दीड वर्षात साठेक पुस्तके घेतली. राज्यघटना, इतिहास, अर्थशास्त्र आणि बाबासाहेबांचे काही ग्रंथ.

पुढे तो मुलगा पुण्याकडे नोकरीला लागला. जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडला. टॅब्लेट बिघडला, दुरुस्त करून आणला, तर तो खात्याची खात्री मागू लागला आणि ओटीपी जाऊ लागला त्या बंद नंबरावर. कंपनीला पत्रे लिहिली. उत्तर आले ते इंग्रजीत, तेही यंत्राने लिहिलेले. एका व्यक्तीच्या खात्यातील मजकूर इतरांनी वापरणे हा अटींचा भंग आहे, सबब खाते बंद करण्यात येत आहे. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाची पावती आहे. पैसे गेल्याची बँकेची नोंद आहे. पुस्तके मात्र नाहीत.

कोणी म्हणेल, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे पडून असतात, शिष्यवृत्त्या रखडतात, आणि तुम्ही टॅब्लेटचे रडगाणे कसले गाता? आम्हीही प्रथम तसेच समजत होतो. पण कंपनीच्या अटींची पन्नासेक पाने शांतपणे वाचून काढली, आणि हा प्रश्न टॅब्लेटचा नाही हे ध्यानात आले. ज्या समाजाला हजारो वर्षे ग्रंथाला हात लावू दिला नाही, वेद कानी पडले तर शूद्राच्या कानात कथील आणि लाख ओतावी असे ज्यांच्याविषयी गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवले, त्या समाजाच्या हाती ग्रंथ आता आले कुठे, तर ते कोणाच्या मालकीचे असणार, हा तो प्रश्न आहे.

कागदी पुस्तकाचे साधे आहे. दुकानातून घेतले की ती प्रत आपली. लेखकाचा हक्क त्यातील मजकुरावर राहतो, प्रतीवर नाही. ती वाचा, शेजाऱ्याला द्या, विहाराला दान करा, जुन्या पुस्तकांच्या गाडीवर विका. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्येच हे गृहीत आहे. प्रती लोकांपर्यंत आणण्याचा हक्क लेखकाचा, पण एकदा चलनात आलेल्या प्रतीवर तो हक्क चालत नाही. आमची चळवळ याच बळावर वाढली. एक पुस्तक वीस घरे फिरले आणि एकविसाव्या घरी कव्हर गळून पडले तरी चालले. ई-पुस्तकाच्या पडद्यावर मात्र 'विकत घ्या' असे मोठ्या अक्षरात लिहितात आणि आत बारीक अक्षरात सांगतात की ही विक्री नव्हे, हा वाचण्याचा परवाना आहे, आणि तो आम्ही केव्हाही काढून घेऊ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने निदान एवढे केले की १ जानेवारी २०२५ पासून अशा मालावर 'विकत घ्या' लिहायचे असेल तर हा केवळ परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडे तेवढेही नाही.

या परवान्याची राखण करते ते डिजिटल कुलूप, ज्याला कंपन्या डीआरएम म्हणतात. पुस्तकाचा मजकूर गुप्त सांकेतिक रूपात बांधून ठेवायचा आणि किल्ली कंपनीच्या संगणकावर ठेवायची. आपला टॅब्लेट दर वेळी धन्याला विचारणार, उघडू का? धनी नाही म्हणाला की संपले. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या किंडल यंत्रावरून, लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तके न विचारता पुसून टाकली. कारण असे दिले की ज्या प्रकाशकाने ती विक्रीस ठेवली त्याला हक्कच नव्हता. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. एका शाळकरी मुलाची पुस्तकासोबतची टिपणेही निकामी झाली, तो कोर्टात गेला, आणि कंपनीने दीड लाख डॉलर मोजून तडजोड केली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. दुकान बंद झाले म्हणून गिऱ्हाइकाच्या घरातली पुस्तकेही बंद. चोपड्यातला एखादा पुस्तकवाला धंदा गुंडाळताना गावभर फिरून विकलेली पुस्तके परत गोळा करू लागला, तर लोक त्याला काय म्हणतील?

आता जरा आपल्या घरात डोकावू. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड काढला, त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम'. राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून मनुवाद्यांनी गदारोळ केला, प्रती जाळल्या, शिवसेना रस्त्यावर आली, सरकार नमले आणि खंड मागे घेतला. फेब्रुवारी १९८८ मध्ये लाखोंचा भीमसागर मुंबईत उसळला तेव्हा कुठे सरकारची भाषा बदलली. खंड परत आला, पण परिशिष्टातील मतांशी सरकार सहमत आहेच असे नाही, अशी टीप लावून. आमच्या पिढीतील अनेकांनी तेव्हा शाळा-कॉलेजात असताना तो खंड पाहिला तो कोणाच्या तरी पिशवीतून आलेला. सरकारने मागे घेतलेली ती प्रत. ज्याच्या हाती ती पडली होती त्याच्याकडून काढून घ्यायला सरकारला त्याच्या दारात पोलीस पाठवावा लागला असता, आणि दाराशी माणसे जमली असती. विचार करा, तोच खंड १९८७ साली कुलूपबंद ई-पुस्तक म्हणून निघाला असता तर? गदारोळ झाल्याच्या रात्री मंत्रालयातून एक फोन, आणि सकाळी एकाही पडद्यावर खंड नाही. किंवा त्याहून वाईट, खंड आहे पण परिशिष्ट नाही, आणि ते कधी होते हे सिद्ध करायला कोणाकडे प्रतही नाही. मोर्चा कशाच्या जोरावर निघाला असता?

हे आम्ही कल्पनेने रंगवत नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली रोआल्ड डाल या बालसाहित्यिकाच्या पुस्तकांतील शब्द प्रकाशकाने बदलले, आणि जुनी ई-पुस्तके विकत घेतलेल्या वाचकांच्या यंत्रावरचा मजकूरही आपोआप बदलला. बदल चांगला की वाईट हा वेगळा वाद. वाचकाला विचारले नाही, हे खरे. येथे १९३६ आठवल्याशिवाय राहवत नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषण आधी मागवून घेतले, आणि काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामाचीही तडजोड मान्य केली नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, किंमत आठ आणे, आणि दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. छापखाना कोणाचाही असो, छापून हाती आलेली प्रत नंतर मंडळाला बदलता येत नव्हती. आज मंडळाच्या जागी कंपनी बसली आहे आणि तिला ती सोय आहे.

म्हणून बाबासाहेबांच्या ग्रंथांवर आज हक्क कोणाचा, हे प्रत्येक कार्यकर्त्याला नीट ठाऊक हवे. यात आमचे पुष्कळ लोक चुकतात, काही वकील मित्रही चुकतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे कॉपीराइट राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथांचे हक्क संपत आले तेव्हा सरकारला जाग आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ झाली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', 'हू वेअर द शूद्राज', 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे सर्व त्यात आले. कोणीही छापावे, वाटावे, वाचून दाखवावे. पण लेखकाच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला कलम २४ लागते, आणि तेथे साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजायची. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली निघाला, तो १ जानेवारी २०१८ रोजी मुक्त झाला. 'रिडल्स' निघाले १९८७ साली, त्यामुळे त्यावरील हक्क २०४७ च्या अखेरपर्यंत टिकतो. शिवाय मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, मूळ ग्रंथ मुक्त झाला म्हणून अनुवाद मुक्त होत नाही. तेव्हा जयंतीनिमित्त पुस्तिका छापणाऱ्या मंडळांनी हे आधी पाहावे.

कॉपीराइट संपलेल्या ग्रंथावरही कंपन्या कुलूप लावतात, ही यातली खरी चीड आणणारी गोष्ट. आमच्या अभ्यासिकेने घेतलेल्या पुस्तकांत 'शूद्र पूर्वी कोण होते'चे मूळ इंग्रजी पुस्तक होते. ते मुक्त आहे. तरी ते त्या टॅब्लेटमध्ये डांबलेले आहे. गावच्या विहिरीवर पाटलाने पहारा बसवावा तसा हा प्रकार.

मग कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आले. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. एवढे ऐकून लोक घाबरतात, पण पुढचे वाचत नाहीत. कुलूप हे कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी असले पाहिजे, तोडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा असला पाहिजे, आणि कायद्याने ज्याची स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी ते उघडले तर हे कलम आड येत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा आपला कायदा या बाबतीत पुष्कळ शहाणा आहे. ज्या ग्रंथात हक्कच उरला नाही त्याच्या कुलुपाला या कलमाचे संरक्षण नाही, असे आमचे मत आहे. मात्र मेख अशी आहे की दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवावी अशी अट आहे. बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्याने अशी वही ठेवावी अशी कायद्याची अपेक्षा! तो काय वही ठेवणार? तो सरळ 'जमणार नाही, साहेब' म्हणतो.

हक्क कागदावर आहे आणि वापरता येत नाही, हे आपल्याला नवे नाही. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव फाईलीत होता आणि तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्यांची डोकी फुटत होती. २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यानंतरही दिवाणी दावा दहा वर्षे चालून १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. आजच्या कुलुपाचे तसेच आहे. कलम ५२ म्हणते की खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी, शिकवण्यासाठी योग्य वापर केला तर तो हक्कभंग नाही. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी दावा लावला तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठी उताऱ्यांचे संच झेरॉक्स करून देणे कायद्यात बसते असा निकाल दिला. गरीब विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा फार मोठा निकाल होता. झेरॉक्सचे यंत्र हा निकाल पाळते. टॅब्लेटचे कुलूप पाळत नाही, कारण त्याला कलम ५२ शिकवलेलेच नाही. अंधांचेही तेच. कलम ५२ मध्ये दिव्यांगांसाठी सुलभ प्रत करण्याची मोकळीक आहे, अंधांसाठीच्या माराकेश कराराला जगात सर्वांत आधी मान्यता देणारा देश आपला, २०१४ साली. तरी कुलूपबंद पुस्तक वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला उघडत नाही, असा अनुभव अंध विद्यार्थी सांगतात.

येथे एक गोष्ट आमच्याच लोकांना ऐकवायची आहे, राग आला तरी चालेल. हक्क संपलेल्या ग्रंथाची गोष्ट वेगळी आणि हयात लेखकाची वेगळी. आपल्याच एखाद्या कवीचे, कादंबरीकाराचे नवे पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअपच्या गटात टाकायचे आणि वर 'प्रबोधनासाठी पुढे पाठवा' असे लिहायचे, हे आम्हाला मान्य नाही. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर रात्रभर सतरंजी अंथरून पुस्तके विकणारे आपले छोटे प्रकाशक त्याच विक्रीवर पुढचे पुस्तक काढतात. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला गेलात तर एखाद्या स्टॉलवर थांबून त्याला विचारा, पीडीएफने त्याचे किती नुकसान केले. त्यांचे पैसे बुडवून कंपनीला शिव्या देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

सरकारकडे आमचे वेगळे म्हणणे आहे. १९७९ पासून निघालेले खंड हे या राज्याने केलेले मोठे काम आहे, आणि त्यात वसंत मून यांचे श्रम कोणी विसरू नये. पण कागद विकत घेऊनही छपाई रखडल्याची बातमी 'लोकसत्ता'ने दिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, ही शरमेची गोष्ट होती. खंड मिळत नाही म्हणून माणूस ई-पुस्तकाकडे वळतो आणि कंपनीच्या सापळ्यात सापडतो. इंग्रजी खंडांच्या पीडीएफ केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाने संकेतस्थळावर ठेवल्या, त्या कुलुपाविना उतरवून घेता येतात. चरित्र साधने प्रकाशन समितीने सर्व खंड, मराठी अनुवादांसह, शब्द शोधता येईल अशा युनिकोड मजकुरात खुले करावेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पालि तिपिटक नव्वदच्या दशकात सीडीवर घालून मोफत वाटले. सीडी लावायची यंत्रे आता घरात राहिली नाहीत, पण तोच पाठ आज देवनागरीत त्यांच्या संकेतस्थळावर वाचता येतो. एका खासगी संस्थेला जमले ते राज्य सरकारला का जमू नये?

आता आमच्या अभ्यासिकेच्या प्रकरणाचे. कंपनीच्या अटींत लिहिले आहे की वाद लवादाकडे न्यावा, तोही दूरच्या शहरात. गिऱ्हाईक येथेच हातपाय गाळते. गाळू नये. अटीत लवादाचे कलम असले तरी ग्राहक मंचाचा दरवाजा बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात ठरवून दिले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे चोपड्याच्या माणसाला जळगाव पुरे. पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. आणि 'इतरांनी वापरले' या कंपनीच्या आक्षेपाला उत्तर कायद्याच्या व्याख्येतच आहे. घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा हाही ग्राहकच. फक्त करारातील अटीच अन्यायकारक आहेत असे म्हणायचे असेल तर ती तक्रार जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. म्हणून आम्ही पहिल्या टप्प्यात सेवेतील त्रुटी आणि घेतलेले पैसे एवढ्यावरच बोट ठेवले आहे.

नोटीस गेली आहे. पुण्याच्या त्या मुलाने सुटी टाकून येऊन सही केली, पावत्यांचे प्रिंट काढून फाईल लावली. उत्तर आले नाही तर जळगावला तक्रार दाखल होईल. दरम्यान अभ्यासिकेने नव्या वर्गणीतून कागदी पुस्तके घ्यायला सुरुवात केली आहे, आणि मुक्त असलेले ग्रंथ एका पेनड्राइव्हवर घालून तो त्याच लोखंडी कपाटात ठेवला आहे. ज्यांची अशी खाती बंद पडली असतील त्यांनी पावती, बँकेची नोंद आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार घेऊन रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. तक्रारीचा मसुदा तयार आहे, त्यात नाव आणि रक्कम तेवढी भरायची.